विभाग चौदा, रांग सहा

पोर्ट हॅलम, ओहायो
३ जून १९७७

प्रिय लिडा,

गेल्या थंडीत मी माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी अशा: मागच्या अंगणात उतरायच्या सात पायऱ्या, ओकच्या. शेजारच्या म्हाताऱ्या व्हर्बाबाईंना कुबड्यांची जोडी. एकही खिळा न ठोकता चमच्यांची पेटी. फाउंड्रीसाठी शहाण्णव दात्यांच्या चक्राचा लाकडी साचा. त्यात इंजिनिअरच्या नकाशातली चूक मी पकडली, ती त्याने अजून कबूल केलेली नाही. आणि आपल्या बेसबॉल स्टेडियमची पाइनमधली प्रतिकृती, दहा फुटांना एक इंच, एकूण एक खांबासह.

शेवटचीला चार महिने लागले. प्रत्येक खुर्चीपासून फलंदाजाच्या जागेपर्यंत दोरा ताणून मी पाहिलं, कुठल्या खुर्चीच्या आड कुठला खांब येतो. तिकीटखिडकीतली बाई सांगते, "सगळ्या जागा सारख्याच हो." सारख्या? अकरा हजार खुर्च्यांत खरोखर चांगल्या एकशे चाळीस. मी मोजल्यात.

रविवार, १७ जुलै. तू आणि आर्वो, नवरा-बायको दोघंही याच. विभाग चौदा, रांग सहा, खुर्च्या एक, दोन, तीन. पहिल्या बेसची बाजू. सहावीच का? कारण खांब सातव्या रांगेत आहेत, म्हणजे आपल्या पाठीशी. सव्वादोनला छपराची सावली बरोबर सहाव्या रांगेवर येते. पाचवीतले लोक चारपर्यंत भाजत बसतात. चेंडू टाकणाऱ्या पिचरचं मनगट दिसतं. खेळाडूंच्या शिव्यासुद्धा ऐकू येतात.

पैसे पाठवू नकोस. तिकिटं काढून झाली.

तुझा भाऊ,
एमिल


हॅनकॉक, मिशिगन
१४ जून

प्रिय प्रोफेसर,

तुझ्या पत्रात माझी चौकशी कुठे आहे ते मी दोनदा शोधलं. सापडली नाही, तेव्हा मीच सांगते: बरी आहे. शाळा सुटल्या, माझी पिवळी बस ऑगस्टअखेरपर्यंत गॅरेजात. या वर्षी बर्फात एकदाही घसरले नाही. एकोणीस मैल, एकतीस पोरं, आणि शेवटच्या थांब्यावरचा उतार तुझ्या छपरापेक्षा तिरका. तुझ्यासारखी मीही मोजते हो.

आर्वोला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या भावाने अख्खं मैदान लाकडात केलंय ना? मग आपण त्यातच बसू. सहाशे मैलांचं पेट्रोल वाचेल." मग म्हणाला, "त्याला विचार, फलंदाजामागच्या संरक्षक जाळीमागे का नाही?" डुलुथला त्याच्या काकाच्या जबड्यावर फाउल चेंडू, बॅटवरून रेषेबाहेर प्रेक्षकांत उडालेला, बसला होता. तेव्हापासून माणूस सूपच पितो म्हणे. आर्वो वाढवून सांगतो, पण विचारते आपलं.

आणि धावांची वही मला लिहायला देशील का? लहानपणी तू कधी हात लावू दिला नाहीस. आता मी चव्वेचाळीसची झाले. पेन्सिल धरता येते.

तुझी,
लिडा


२१ जून

प्रिय लिडा,

आर्वोला सांग, जाळीतून खेळ बघणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यातून जग बघणं. जाळी अकराव्या विभागाशी संपते आणि तिथूनच खरं स्टेडियम सुरू होतं. भित्र्यांना आणि वार्ताहरांना जाळीमागे बसू दे.

शिवाय हिशेब आहे. डावखुरा फलंदाज जोरात ओढून मारतो तेव्हाच फाउल चेंडू आपल्या बाजूला सुसाट येतो. त्या दिवशी दोन्हीकडचे पिचर डावखुरे. डावखुऱ्या पिचरसमोर कुठलाही शहाणा मॅनेजर डावखुरे फलंदाज बसवून ठेवतो. म्हणजे मैदानात सगळे उजवे. कळलं? मी जागा नुसत्या डोळ्यांनी निवडत नाही.

वही देतो. पण माझ्या पद्धतीने लिहायची. बदली खेळाडू आला की आधी उभी रेघ, मग त्याचं नाव, मग बाकी सगळं. नाव पूर्ण झाल्याशिवाय मान वर करायची नाही. माझ्या वह्यांत आजवर एकही नाव राहिलेलं नाही.

एमिल


२ ऑगस्ट

प्रिय लिडा,

आर्वो फोन उचलून ठेवून देतो, म्हणून लिहितो. तुला त्या दिवसातलं काही आठवत नाही असं नर्स म्हणाली. जे झालं ते मी क्रमाने मांडतो, म्हणजे लोक काहीबाही सांगतील त्यावर विसंबावं लागणार नाही.

सातवा डाव. आपला डावखुरा पिचर थकला, मॅनेजरने उजवा आणला. लगेच त्यांनी बदली फलंदाज पाठवला, डुफ्रेन, डावखुरा, मान बैलासारखी. पहिलाच चेंडू. आवाज असा आला की ओंडका फुटावा. चेंडू जमिनीपासून आठ-नऊ फुटांवरून सरळ आला आणि तुझ्या डाव्या डोळ्यावर बसला. तू ओरडली नाहीस. खुर्चीतून पुढे घसरलीस, रांगेच्या फटीत.

चेंडू तुझ्या तोंडावरून उडून पाचव्या रांगेत पडला आणि माणसं त्यावर तुटून पडली. तुला माहीतच आहे आपल्याकडे कसं आहे ते, फाउल चेंडू म्हणजे ज्याच्या हाताला लागेल त्याचा. दोन माणसं तर तुझ्यावरून चढून गेली. एकाचा बूट तुझ्या बोटांवर होता. हिरव्या टोपीवाल्याने दुसऱ्याचं डोकं खुर्चीच्या लोखंडी हातावर आपटलं, दोन दात पडले, तरी त्याने मूठ सोडली नाही. शेवटी हिरवी टोपी चेंडू वर धरून उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, लिडा. चेंडूवर तुझं रक्त होतं. मी म्हटलं, "टाक तो." तो म्हणाला, "स्वतःचा पकड की!" मी त्याच्या नाकावर मारलं. नाक मोडलं, मला ते हाताला जाणवलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा पोलिसांनी मला आवळलं.

इस्पितळात आर्वोने मला भिंतीला लावून मारलं. डाव्या बाजूच्या दोन फासळ्या. मी हात उचलला नाही, हे त्यालाही विचार.

चेंडू आला तेव्हा मी नेमका उठलो होतो.

एमिल


हॅनकॉक
२५ ऑगस्ट

एमिल,

ओळी वाकड्या येतात, चालवून घे. आर्वोला लिहायला सांगणार होते, पण तो तुझं नाव लिहायला तयार नाही.

डोळा काढला. गालाच्या हाडात तार घातलीय, चावताना ती कानात वाजते. काल दुधाचा पेला उचलायला गेले आणि टेबलाच्या बाहेर हात घातला. शाळेचा माणूस आला होता, टोपी हातात घेऊन. एका डोळ्यावर बस चालवता येत नाही, नियम आहे. चावी द्यावी लागली. ती त्याच्यावर फेकून मारली, पण दाराच्या चौकटीला लागली, नेम चुकला. साहजिकच.

स्टेडियमवाल्या क्लबचं पत्र आलं. तिकिटाच्या मागे धोक्याची सूचना छापलेली असते म्हणे, आणि "सदर महिलेचे खेळाकडे लक्ष नव्हते." लक्ष नव्हतं! आर्वोने ते वाचलं आणि मला म्हणाला, "एवढं लांब गेलीस खेळ बघायला, तर बघायचं तरी!" मी पेला त्याच्या डोक्याच्या दिशेने भिरकावला. आता घरात दोनच पेले उरलेत.

एमिल, बावीस वर्षं मी एकतीस पोरं मागे बसवून रस्त्यावरची नजर हलू दिली नाही. मग त्या एका मिनिटात मी कुठे बघत होते? मला हे कळलंच पाहिजे. मला दुसरं काही नको.

आणि तू "नेमका उठला होतास", तो कुठे?

लिडा


३ सप्टेंबर

प्रिय लिडा,

कुठे बघत होतीस ते ठामपणे कोण सांगणार? अशा वेळी माणूस कुठेही बघतो. चूक मॅनेजरची. पिचर आणखी एक डाव टिकला असता. त्याने फक्त ब्याण्णव चेंडू टाकले होते, मी मोजले होते.

मी मोहरीचा सॉस आणायला उठलो होतो. आर्वो हॉट डॉग आणायला गेला होता, तो मोहरी विसरणार हे मला ठाऊक होतं.

तुला वाचायला टेकण करून पाठवतो, मोजमाप कळव.

एमिल


१५ सप्टेंबर

एमिल,

टेकण नको.

आर्वो म्हणतो, मोहरी गाडीवाल्याकडेच होती, रांग आठ जणांची होती आणि त्यात तू नव्हतास. जिना एकच आहे. तू त्याला दिसला असतास. हे सांगताना त्याने कुऱ्हाड ठोकळ्यात इतकी खोल घातली की ती अजून तिथेच आहे, निघत नाही.

आणि हे बघ. वही माझ्याकडे आहे. इस्पितळातल्या पिशवीत होती, माझ्या बुटांबरोबर. पानं एकमेकांना चिकटली होती, वाफेवर धरून सोडवली. सातव्या डावात एक उभी रेघ आहे, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. तिच्यापुढे माझ्या अक्षरात "डुफ". एवढंच. मग पेन्सिल पानाच्या कडेपर्यंत घसरलीय.

म्हणजे मी लिहीत होते. तुझ्या पद्धतीने.

मी क्लबला हे कळवलं तर ते म्हणतील, बघा, खाली मान घालून बसली होती. नाही कळवलं तर मी वेडी, जिला समोरचं दिसत नाही. आता तू सांग. खोटं लिहिलंस तर हे शेवटचं पत्र. मी मेले तरी तुला कळवणार नाहीत, एवढी व्यवस्था मी करून ठेवीन.

लिडा


२९ सप्टेंबर

लिडा,

मी तुझ्यापासून चार फुटांवर होतो. खांबामागे.

आता क्रमाने लिहितो.

सदुसष्टपासून मी सामन्याला जाताना दोन वह्या नेतो. एक धावांची, ती तुला माहीत आहे. दुसरी फाउल चेंडूंची: कुठल्या हाताचा फलंदाज, कुठला विभाग, कितवी रांग, कोणाला कुठे लागला. अकरा मोसम, अकरा वह्या, चारशे बारा सामने. विभाग चौदात त्रेसष्ट चेंडू. त्यातले एक्कावन्न डावखुऱ्यांचे. नऊ माणसं जखमी. एका बाईचा कान फाटून लोंबत होता, एक म्हातारा जागेवर आडवा झाला तो पुन्हा स्टेडियमात दिसला नाही. त्र्याहत्तरला मी याची सुबक नक्कल करून क्लबला दिली आणि लिहिलं की जाळी सोळाव्या विभागापर्यंत न्या. त्यांनी आभार मानून दोन फुकट तिकिटं पाठवली. मी ती वापरली.

म्हणजे मला माहीत होतं. जगात कोणाला नसेल तेवढं मला माहीत होतं.

आणि माझी एक सवय आहे. डावखुरा आला की मी उठतो, एक पायरी चढतो आणि सातव्या रांगेतल्या खांबामागे उभा राहतो. तो बाद झाला की परत येऊन बसतो. अकरा वर्षं. आता पाय आपणहून उठतात. त्या दिवशीही उठले. तू विचारलंस, "कुठे चाललास रे?" मी म्हटलं, "तू नाव लिही. डुफ्रेन. पूर्ण होईपर्यंत मान वर नको."

तुला हाताला धरून ओढता आलं असतं. तेवढा वेळ होता. पण मग सांगावं लागलं असतं की माझ्या निवडलेल्या जागा सातव्या डावापासून वाईट झाल्या आहेत. आणि आर्वो जिन्यावरून येताना दिसत होता, हसत, हातात हॉट डॉग.

तिथवर चेंडू पाऊण सेकंदात येतो. वर बघणाऱ्याला हात तोंडावर न्यायला तेवढा वेळ पुरतो, हे मी वहीत लिहून ठेवलंय. आवाज झाल्यावर तू मान वर केलीस. मी बघत होतो. खांबाच्या कडेने मला सगळं नीट दिसलं.

तुझं लक्ष नव्हतं हे खोटं आहे. मी सांगितलं तिथे तुझं लक्ष होतं.

एमिल


हॅनकॉक
१० ऑक्टोबर

एमिल,

पत्र मी आर्वोला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटपर्यंत. त्याने भिंतीवरची रायफल काढली आणि बाहेर गेला. मी मागच्या दाराने जाऊन त्याच्या ट्रकच्या चारही टायरांत मांस कापायची सुरी खुपसली. तो म्हणाला, "तू त्याला वाचवतेस?" मी म्हटलं, "तुला तुरुंगात भेटायला यायला मला आता गाडी चालवता येत नाही, गाढवा." मग तो टायरापाशी बसला आणि रडला. म्हणाला, तुला असं बोललो, खेळ बघायचा तरी म्हणालो. आमचं ते तेवढ्यावर मिटलं.

तुझं-माझं नाही मिटलेलं. स्वप्नात मी तुला त्या खांबाला बांधते आणि डुफ्रेनला म्हणते, मार. तो मारतो. मला जाग येते तेव्हा मूठ दुखत असते. तू माझा भाऊ आहेस आणि मला तुझं तोंड फोडायचंय, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

माफी मागू नकोस. मागितली नाहीस हे एक बरं केलंस.

क्लबवर मी दावा लावलाय. माझ्या वकिलांकडे शपथेवरची जबानी व्हायची आहे, नोव्हेंबरात. क्लबचा वकील समोर असेल. तू अकरा वह्या घेऊन तिथे जायचं. त्यात काय आहे ते सांगायचं. खांबाचंही सांगायचं, सगळ्यांसमोर, मला लिहिलंस तसंच. तुला स्टेडियमात प्रोफेसर म्हणतात ना? म्हणणार नाहीत मग. तरीही.

मला कागदावर हवंय की त्या मिनिटात मी काय करत होते.

लिडा


पोर्ट हॅलम
२० नोव्हेंबर

प्रिय लिडा,

हे डाव्या हाताने लिहितोय. कारण सांगतो.

वह्या मी ऑक्टोबरातच तुझ्या वकिलांकडे पोचत्या केल्या. ही बातमी स्थानिक पेपरात आली: फाउंड्रीतल्या माणसाच्या वह्यांमुळे जाळी लांबणार? दुसऱ्या दिवशी खिडकीतून चेंडू आत आला, काच सूपात पडली. शनिवारी दुपारी बारमध्ये बसलो होतो. अकरा वर्षं माझ्या मागच्या रांगेत बसणारा ग्रेझगोर, ज्याच्या पोरीच्या लग्नात मी नाचलो, तो म्हणाला, "काय प्रोफेसर, आम्हाला पिंजऱ्यात घालणार म्हणे? बहिणीला नाही सांभाळता आलं, आता आमचे चेंडू खातोस?" मी म्हटलं, "जाळी लागली तर तुझंही थोबाड शाबूत राहील, जे आहे ते." चौघं होते. बाहेर नेलं. एकाने बॅट आणली होती. माझं उजवं मनगट त्यांनी फुटपाथच्या कडेवर ठेवलं. पहिला फटका चुकला, दुसरा नाही. ग्रेझगोर पाय धरून होता आणि सारखा म्हणत होता, "बस झालं रे, बस झालं," पण पाय सोडत नव्हता.

हाड तीन ठिकाणी मोडलंय. फाउंड्रीने नाताळापर्यंत सुट्टी दिली, बिनपगारी. नंतरचं नंतर बघू म्हणाले. म्हणजे काय ते मला कळतं.

जबानी गुरुवारी झाली. क्लबचा वकील चांगले कपडे केलेला, नखं साफ. त्याने विचारलं, "तुम्हाला धोका माहीत होता?" हो. "तरी सख्ख्या बहिणीला तिथे बसवलंत?" हो. "आणि स्वतः खांबामागे लपलात?" हो. "तिला खाली मान घालायला तुम्ही सांगितलंत?" हो, आणि तिने ऐकलं. तो खूश झाला. म्हणाला, "मग दोष कोणाचा, साहेब?" मी म्हटलं, "माझा. आणि तुमचा. माझा मी सांगून झाला. त्र्याहत्तरची माझी नक्कल आणि तुमच्या क्लबचं आभाराचं पत्र सातव्या वहीत टाचलेलं आहे, आता तुमचा सांगा." तो बराच वेळ पानं उलटत बसला. लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, "शेवटचं उत्तर पुन्हा सांगता का?" मी पुन्हा सांगितलं, हळू.

तू जे मागितलंस ते आता कागदावर आहे. पान एकतीस: "ती बदली खेळाडूचं नाव लिहीत होती, कारण मी तिला तसं सांगितलं होतं." खाली माझी सही आहे, डाव्या हाताची.

एक राहिलं. जबानीच्या आदल्या दिवशी क्लबचे मिस्टर टेट घरी आले होते. वकिलांकडून तुला अर्धवट कळेल, म्हणून मीच सांगतो. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, माझ्या प्लॅस्टरकडे बघत. म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस आम्ही इतकी वर्षं वाया घालवला. असं ज्ञान कॉलेजात मिळत नाही." लिडा, माझं वय एक्कावन्न, शिक्षण आठवी, आणि हे वाक्य मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ते म्हणाले.

मग त्यांनी कागद पुढे केला. वह्या क्लबच्या मालकीच्या व्हायच्या, वकिलांकडून मी परत मागून घ्यायच्या, आणि गुरुवारी मला काही आठवायचं नाही. बदल्यात तिकीटखिडकीशेजारी खोली, दारावर पितळी पाटीवर माझं नाव, हुद्दा "आसन सल्लागार", वर्षाचे बाराही महिने पगार. मी विचारलं, किती. त्यांनी आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला. मी तो नीट वाचला, घडी घालून त्यांच्या टोपीत ठेवला आणि दार उघडलं.

वर्षाला सतरा हजार दोनशे डॉलर. फाउंड्रीपेक्षा चार हजारांनी जास्त.

एमिल